जायफळाआडची कॉफी

परभणीकडे चहा विचारीत नाहीत, तो येतो. पाहुणा ओसरीवर टेकला, त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला, की आतून स्टोव्हचा फरफर आवाज सुरू होतो आणि "आत्ताच घेऊन निघालो" हे त्याचे वाक्य त्या आवाजात बुडून जाते. कॉफी मात्र विचारतात. "कॉफी चालेल का?" या प्रश्नात अदब असते, थोडे अवघडलेपण असते, आणि पाहुण्याने हो म्हटले तर घरातल्या बाईच्या मनात दूध पुरेल की नाही याचा हिशेबही असतो. हा प्रश्न सर्वांना विचारला जात नसे. आमच्या लहानपणी तो कोणाला विचारला गेला आणि कोणाला नाही, एवढ्यावरून त्या माणसाचे गावातले स्थान कोणीही बिनचूक सांगितले असते.

डॉक्टरांना कॉफी. तलाठ्याला चहा, पण तहसीलदारांना कॉफी. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना पीककर्जाच्या दिवसांत कॉफी आणि एरवी चहा. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना कॉफीच, तीही काचेच्या कपांतून. कृषी विद्यापीठातले कोणी प्राध्यापक कधी काळी शेत पाहायला आले तर कॉफी, आणि सोबत बशीत चार बिस्किटे. शेजारच्या काकू, वाणी, शिक्षक, वडिलांचे मित्र हे सारे चहाचे. सालगड्यालाही चहा मिळे. परंतु तो कान तुटलेल्या, गोठ्याच्या देवळीत पालथ्या ठेवलेल्या कपातून. तो कप कोणी घरात आणीत नसे. आम्हीच तो चहा कित्येकदा वरून ओतून दिला आहे. त्या वयात त्यात काही वावगे वाटले नव्हते, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

घरी कॉफी कशी करावी, कशी चाखावी, तिचा आनंद कसा घ्यावा याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. दाणे कुठल्या मळ्यातले, भाजणी किती गडद, पाणी किती अंशांचे, ही चर्चा आम्हीही चवीने ऐकतो. तिला नाक मुरडणारे आम्ही नव्हे. परंतु या चर्चेत दोन सूर आम्हांला सारखेच खटकतात. एक सूर असा, की दूध, साखर आणि जायफळ घालून आमच्या घरांतून जी होते ती कॉफीच नव्हे. ती अडाणी जिभेची समजूत आहे. दुसरा सूर याच्या नेमका उलट: आजीच्या हातच्या जायफळाच्या कॉफीची सर जगात कशालाच नाही, आणि तिच्याविषयी शंका घेणारा आपल्या मातीला विसरला. पहिला सूर अज्ञानातून येतो, दुसरा स्मरणरंजनातून. दोघांनाही कप कोणाच्या हातात होता याच्याशी कर्तव्य नाही.

परभणी जिल्हा कॉफीचा प्रदेश नव्हे, हे सांगायला नको. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची काळी जमीन, तीवर कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. वैशाखात पारा ४४ अंशांच्या पुढे आणि पौषात एक आकडी. कॉफीच्या झाडाला डोंगरउतार, सावली आणि धुके लागते. आमच्याकडे कॉफी आली ती दोन वाटांनी. एक मुंबईची वाट. पॉल्सन हे नाव आज लोण्यामुळे आणि अमूलच्या जन्मकथेतला प्रतिस्पर्धी म्हणून आठवते. परंतु पेस्तनजी एडलजी यांनी १८८८ मध्ये मुंबईत आरंभ केला तो कॉफी भाजून-दळून विकण्याच्या धंद्याने, आणि त्यांची चिकोरी मिसळलेली 'फ्रेंच कॉफी' लोण्याच्या आधीची. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कॉफीचा डबा म्हणजे पॉल्सनचाच; तो मुंबईच्या नातेवाइकांच्या पिशवीतून येई. दुसरी वाट आगगाडीची. मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेड करीत सिकंदराबादेला जाणारा निजामाच्या काळचा रूळमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर झाला, आणि त्या मार्गाने बदलीवर आलेल्या तेलुगू-तमिळ रेल्वे कुटुंबांच्या सामानातून पितळी फिल्टरही आले. पूर्णेला आमच्या एका मावशीच्या शेजारी असे एक कुटुंब राहत असे. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन मजली पितळी भांड्यातून थेंबथेंब काळे पाणी गळताना आम्ही प्रथम पाहिले, तेव्हा हे कसले औषध म्हणून मावशीला विचारल्याचे आठवते. त्या घरी कॉफी रोज होई, आणि सर्वांना मिळे. साहेब नसलेल्यांनाही. आमच्या लेखी ती एक चमत्कारिक गोष्ट होती.

आता जायफळाविषयी. कॉफी भारतात कशी आली याची सर्वपरिचित कथा बाबा बुदन या सूफी फकिराची आहे. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनातल्या मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. त्या डोंगरावरच्या गुहेला कोणी बाबा बुदनांचे स्थान म्हणतात, कोणी दत्तात्रेयाचे पीठ म्हणतात. त्यावरून वाद आणि खटले झाले आहेत. मराठवाड्याच्या माणसाला ही जोडी ओळखीची वाटावी. एका अंगाला माहूरचा दत्त आणि दुसऱ्या अंगाला परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, ज्याच्या गर्दीत कोण कोणत्या धर्माचे हे शोधू म्हटले तरी सापडत नाही. सांगायचे ते असे, की कॉफी या भूमीत आली ती मसाल्यांच्या त्याच समुद्रमार्गांनी, ज्या मार्गांनी वेलदोडे अरबस्तानात गेले आणि जायफळ मोलुक्का बेटांहून सगळीकडे पसरले. अरब आजही कहव्यात वेलची घालतात आणि त्याला कोणी अडाणी म्हणत नाही. तेव्हा कॉफीत जायफळ-वेलची घालणारी आमची आजी ही इटालियन यंत्राच्या फेसाळ कॉफीहून जुन्या परंपरेतली आहे. पहिल्या सुराच्या लोकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

परंतु दुसऱ्या सुराच्या लोकांनाही एक गोष्ट ऐकावी लागेल. जायफळ हे आमच्या कॉफीत स्वादासाठी होते तसेच झाकण्यासाठीही होते. फडताळाच्या वरच्या फळीवर, पितळी डब्यांच्या मागे ठेवलेली ती कॉफीची पूड महिनोन्महिने उघडली जात नसे. दळलेली कॉफी हवेला लागली की काही दिवसांतच तिचा सुगंध उडू लागतो. आमच्या उन्हाळ्यात तर पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात ती अक्षरशः भाजून निघे. विरघळणारी पूड असेल तर मृगाच्या पहिल्या पावसानंतर तिचा काळा, चिकट खडा होई, आणि तो चमच्याच्या टोकाने खरवडून काढावा लागे. त्या पुडीत उरलेला असे तो नुसता कडवटपणा. त्यावर दाट दूध, तीन चमचे साखर आणि किसलेले जायफळ यांचे पांघरूण घातले की साहेबांपुढे ठेवण्याजोगे काहीतरी तयार होई. साहेबही ते अर्धे पिऊन "छान" म्हणत. यात कोणी कोणाला फसवीत नव्हते. कारण कॉफीची चव हा त्या प्रसंगाचा विषयच नव्हता. (शिवाय जागे राहण्यासाठी प्यायच्या पेयात, तान्ह्या मुलाला झोप लागावी म्हणून गुटीत उगाळून देतात तेच फळ घालावे, हा विनोद आमच्या शेकडो स्वयंपाकघरांतून रोज होत आला आणि कोणी हसले नाही.)

विरघळणाऱ्या पुडीवर सरसकट तुटून पडणे आम्हांला मान्य नाही. ती स्वस्त आहे, तिला भांडी लागत नाहीत, आणि परभणीतल्या किंवा गंगाखेडातल्या कुठल्याही किराणा दुकानात ती लहानशा पुडीत मिळते. परीक्षेच्या रात्री तिच्या जोरावर जागून या जिल्ह्यातली किती मुले शिकली असतील! आक्षेप आहे तो तिला कॉफीची एकमेव चव समजण्याला. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय आपल्याला नाही. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. याचा अर्थ ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. चिकोरी हे एका निळ्या फुलांच्या झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफिन नसते. ती गडद रंग देते, दाटपणा देते, गुळचट कडूपणा देते. दक्षिणेत ती जाणूनबुजून घालतात, वीस-तीस टक्के, आणि तिच्यासह होणारी फिल्टर कॉफी आम्हांला प्रिय आहे. पण जाणूनबुजून घालणे निराळे आणि कॉफी कॉफी म्हणत आयुष्यभर निम्मे मूळ पीत राहणे निराळे.

या पुडीचे एक रूप मात्र आमच्या घरांतून फार कौशल्याने होई: फेटलेली कॉफी. कपात पूड, साखर आणि पाण्याचे चार थेंब घ्यायचे आणि चमच्याने घोटत राहायचे, काळ्याचा तपकिरी आणि तपकिरीचा बदामी रंग होईपर्यंत. मग वरून उकळते दूध. २०२० च्या टाळेबंदीत हीच कृती कोरियाहून 'डालगोना' हे नाव घेऊन जगभर फिरली आणि जो तो आपापल्या स्वयंपाकघरात ती घोटून तिची छायाचित्रे एकमेकांना पाठवू लागला. आमच्याकडे पाहुण्यांच्या सहा कपांसाठी ती घोटण्याचे काम थोरल्या मुलीकडे किंवा धाकट्या जावेकडे असे. पंधरा-वीस मिनिटे मनगट चालवायचे. ज्यांनी घोटली त्यांनी ती प्यायली का, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. बाहेरून कप परत आले, की त्यांच्या तळाशी राहिलेला फेस बोटाने चाटणारी आमची आत्या मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

येथेच आमचा मुख्य मुद्दा आहे. मराठी समीक्षेत 'आस्वाद' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आस्वादक समीक्षा, रसास्वाद, सहृदय वाचक. जणू चव घेणे ही केवळ संवेदनशीलतेची बाब आहे. ज्याला जीभ आहे त्याला चव आहे. प्रत्यक्षात चव घ्यायला आधी कोणीतरी विचारावे लागते. दोन प्रकारच्या कॉफीतून एक निवडायची आणि "ही नको, ती" म्हणायचे, हा अधिकार आमच्या घरात कोणाला होता? साहेबांना होता, आणि त्यांना तो नको होता. ज्यांना तो कधी मिळालाच नाही त्यांची जीभ अडाणी ठरवून आपण मोकळे झालो.

जीभ अडाणी नव्हती, याचा पुरावा त्याच गोठ्याजवळ होता. मार्गशीर्ष-पौषात शेतात आगटी पेटवून हुरडा भाजला जाई, तेव्हा आमच्या त्या सालगड्याचा शब्द अखेरचा असे. डोळे मिटून चार दाणे तोंडात टाकायचा आणि सांगायचा: हा गूळभेंडीचा, हा सुरती, हे कणीस दोन दिवस आधी मोडले, हा निव्याच्या राखेत जास्त राहिला. कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती अशी नावे ज्वारीच्या वाणांना दिली. त्यांच्या भाकरीतला फरक तो पहिल्या घासाला ओळखी. 'निबर', 'दुधाळ', 'चिकात आलेला', 'करपट', 'मिठूळ' हे त्याचे शब्द होते. कॉफीचे जाणकार ज्या चक्राकार तक्त्यावरून जांभुळसर फळे आणि परदेशी फुले यांची नावे वाचून दाखवतात, त्याहून हा शब्दसंग्रह उणा नाही. त्याला कॉफी कशी लागली असती, तिला त्याने कोणता शब्द दिला असता, हे आम्हांला ठाऊक नाही. ते विचारण्याची वेळ निघून गेली. त्याला जाऊन आता बारा वर्षे झाली.

गेली दोन-तीन वर्षे आम्ही घरी कॉफी नीट करून पाहत आहो. चिकमगळूरकडचे, नुकते भाजलेले दाणे टपालाने मागवतो. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तरच. आमच्याकडे यंत्र नाही. खलबत्त्यात दाणे कुटून पाहिले; पीठ आणि खडे दोन्ही एकदम निघाले आणि कॉफी एकाच वेळी कडू आणि पुळचट झाली. मग हाताने फिरवायची लहान चक्की घेतली. जाडसर रव्याएवढी दळायची. पंधरा ग्रॅम पुडीला पाव लिटर पाणी; पाणी उकळून उतरवायचे, अर्धा मिनिट थांबायचे, पातेल्यातल्या पुडीवर ओतायचे, झाकायचे, चार मिनिटांनी धुतलेल्या सुती फडक्यातून गाळायचे. एवढेच. पुडीसकट उकळत ठेवायची नाही, हे आम्हां चहावाल्यांना सर्वांत जड गेले. हात आपोआप आच वाढवायला जातो.

खरी अडचण पाण्याची निघाली. आमच्या बोअरचे पाणी इतके जड, की पातेल्याच्या तळाशी आठवड्यात पांढरा थर धरतो. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्ले मारून टाकतात. ज्या दाण्यांत लिंबाची किंवा बोराची आंबूस झाक असायला हवी ते या पाण्यात खडूसारखे लागतात. म्हणून जारचे, म्हणजे आरओचे पाणी घेतले. त्यात क्षार जवळजवळ नाहीत, तर कॉफी बेचव आणि अणकुचीदार झाली. शेवटी तीन भाग जारचे आणि एक भाग बोअरचे, यावर जीभ थांबली. लिहिताना संकोच वाटतो, हे मान्य करतो. ज्या भागात उन्हाळा लागला की बायका घागर घेऊन टँकरची वाट पाहतात, तेथे पाण्यातल्या क्षारांच्या मिश्रणाचा विचार करणे ही चैन आहे. पण ज्या बायका वर्षानुवर्षे घागरी वाहत आल्या त्यांना कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते आणि कोणत्या नाही, हे आमच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. 'जड पाणी' हा शब्द त्यांचाच.

दूध घालायचे असेल तर हे सारे सूक्ष्म भेद निम्म्याहून अधिक बुडतात, तेव्हा त्यासाठी फार शिणू नये. गडद भाजणीची, थोड्या चिकोरीची पूड फिल्टरमध्ये घालून दाट अर्क काढावा आणि त्यात उकळते दूध ओतावे. जायफळही घालावे. मात्र ताजे किसून, दोनच फेरे, आणि कप भरल्यावर वरून. उकळीत टाकले की त्याचा सुगंध जातो आणि औषधी कडूपणा राहतो. एकदा चांगल्या पुडीवर असे जायफळ घालून पाहिल्यावर आम्हांला कळले, की ते झाकणारे म्हणून इतकी वर्षे राबले, पण त्याचा स्वभाव झाकण्याचा नाही. मॉन्सून्ड मलबार म्हणून एक कॉफी मिळते. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर कित्येक आठवडे ठेवून फुगवलेले, फिकट पडलेले दाणे. तिची आंबूस बाजू निघून जाते आणि ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा वास येतो. तिच्याशी जायफळाचे जितके जमते तितके दुसऱ्या कशाशी जमल्याचे आम्हांला तरी आढळले नाही.

आमची आई आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. चाळीसेक वर्षे तिने साहेबांसाठी कॉफी केली. स्वतः पूर्ण कप भरून ती कधी प्यायली असेल असे तिला आठवत नाही. "तुम्ही उरवली तर घोटभर," असे ती म्हणते. मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी आम्ही तिच्यापुढे तीन वाट्या ठेवल्या. एकीत किराणा दुकानातल्या पुडीची, दुधाची, दुसरीत फिल्टरची, तिसरीत फडक्यातून गाळलेली, बिनदुधाची, बिनसाखरेची. कुठलीत काय हे सांगितले नाही. तिला हा पोरखेळ वाटला. "मला काय कळतं त्यातलं" असे दोनदा म्हणून झाले. मग पहिल्या वाटीला तिने ओळखले आणि बाजूला सारले. दुसरी प्यायली, मान हलवली. तिसरीचा घोट घेऊन तोंड वाकडे केले, वाटी खाली ठेवली, आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलली.

"पहिल्यांदा कडू लागते," ती म्हणाली, "मागून तव्यावरच्या भाकरीच्या काठासारखी लागते. जरा लागलेल्या. ज्वारी जुनी असली म्हणजे लागते ना, तशी."

आणखी एक घोट घेतला. मग विचारले, "त्या तहसीलदारांना अशी दिली असती तर?" आणि पुष्कळ वेळ हसत राहिली. तिसरी वाटी तिने संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले तेव्हा मात्र चहाच टाक म्हणाली, आणि दुपारी चारला हाक मारून सांगितले, की ती काळी करणार असशील तर मला फिल्टरची कर. जायफळ मी किसते.